'शॅल'चा 'शुड' आणि 'ध'चा 'मा'

एका अक्षराची किंमत मराठी माणसाला नव्याने सांगावी लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे' या शब्दातील 'ध'चा 'मा' झाल्याची कथा महाराष्ट्राच्या तोंडी कायमची बसली. ते पत्र खरोखर तसे होते काय, अक्षर बदलले असेल तर ते कोणाच्या हातून, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण लोकस्मृतीने त्या कथेतून जे सार काढून ठेवले ते खोटे नाही. लेखी व्यवहारात क्रियापद हा वाक्याचा प्राण असतो, आणि ते ज्याच्या हाती असते त्याच्या हाती निकाल असतो.

आज जगाचे बहुतेक करारमदार इंग्रजीत होतात आणि आपल्या घरातील महत्त्वाचे कागदही बव्हंशी इंग्रजीतच येतात. त्या भाषेतील 'शॅल' आणि 'शुड' ही दोन अगदी साधी, रोजच्या वापरातील क्रियापदे. शाळेत आपण 'आय शॅल, वी शॅल' अशी घोकंपट्टी केली आणि 'शॅल' म्हणजे भविष्यकाळाची खूण एवढे मनाशी पक्के केले. 'शुड' म्हणजे 'पाहिजे', हेही तिथेच शिकलो. परिणामी मराठी मनाला 'शुड' हा शब्द अधिक कडक वाटतो आणि 'शॅल' मवाळ. कायद्याच्या आणि कराराच्या इंग्रजीत मात्र स्थिती नेमकी उलट आहे. तेथे 'शॅल' म्हणजे बंधन. ते मोडले तर जाब देणे आले. 'शुड' म्हणजे उपदेश. तो पाळला तर उत्तम, न पाळला तर फार तर नाराजी. एकात ऋण आहे, दुसऱ्यात दानत. ऋणको आणि दाता यांच्यात जेवढे अंतर, तेवढेच या दोन शब्दांत आहे.

हे अंतर किती मोलाचे असू शकते हे १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसजवळील ल बुर्जे येथे दिसले. हवामानबदलावरील जागतिक परिषदेचा तो अखेरचा दिवस. दोन आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री लॉरां फाब्युस यांनी कराराचा अंतिम मसुदा सर्व देशांच्या हाती ठेवला. त्याच्या चौथ्या अनुच्छेदाच्या चौथ्या परिच्छेदात दोन वाक्ये होती. पहिल्या वाक्यात विकसित देशांनी संपूर्ण अर्थव्यवस्थेला लागू होईल असे उत्सर्जनकपातीचे लक्ष्य घेऊन पुढाकार चालू ठेवण्याची बाब होती, आणि तेथे क्रियापद होते 'शॅल'. दुसऱ्या वाक्यात विकसनशील देशांनी आपले प्रयत्न वाढवीत राहण्याची बाब होती, आणि तेथे क्रियापद होते 'शुड'. म्हणजे ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे धूर ओकून श्रीमंती मिळवली त्यांच्यावर बंधन, आणि ज्यांच्या घरात वीज अलीकडे पोचली त्यांना आवाहन. १९९२ साली रिओ येथे जगाने मान्य केलेले 'समान परंतु भिन्न दायित्व' हे तत्त्व त्या दोन क्रियापदांच्या फरकात जिवंत होते.

अमेरिकेच्या कायदेतज्ज्ञांची नजर त्या 'शॅल'वर पडली आणि धावपळ सुरू झाली. हा शब्द बदलला नाही तर अमेरिका या करारास पाठिंबा देऊ शकणार नाही, असे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन केरी यांनी यजमानांना स्पष्टपणे कळवले. दुपारी भरायची अंतिम सभा संध्याकाळपर्यंत लांबली. दालनात कोपऱ्या-कोपऱ्यांत कुजबुज चालू राहिली. अखेर सभा सुरू झाली तेव्हा सचिवालयाच्या एका अधिकाऱ्याने मसुद्यातील काही किरकोळ तांत्रिक दुरुस्त्या वाचून दाखवल्या. कुठे स्वल्पविराम, कुठे क्रमांक, कुठे शब्दांची जागा. आणि त्याच यादीत, त्याच सपाट स्वरात, 'शॅल'च्या जागी 'शुड'. निकाराग्वाच्या प्रतिनिधीला बोलायचे होते. पण तोवर फाब्युस यांच्या हातातील हातोडा मेजावर पडला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि जगाने एका ऐतिहासिक कराराचे स्वागत केले.

या प्रसंगाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. आधीच्या मसुद्यांत त्या जागी 'शुड' होते आणि अखेरच्या प्रतीत 'शॅल' चुकून आले, असे अमेरिकेचे म्हणणे होते, आणि जुने मसुदे पाहता ते निराधार म्हणता येत नाही. शिवाय अमेरिकेची अडचण खरी होती. अमेरिकेच्या राज्यघटनेनुसार आंतरराष्ट्रीय तहास सिनेटच्या उपस्थित सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती लागते. १९९२ च्या मूळ करारास सिनेटची संमती मिळालेली होती; त्याच्या चौकटीत राहणारे पाऊल अध्यक्ष स्वतःच्या अधिकारात टाकू शकत होते. 'शॅल' राहिले असते तर नवे कायदेशीर बंधन निर्माण झाले असते आणि प्रकरण सिनेटपुढे गेले असते. तेथे त्याचे काय झाले असते, हे १९९७ च्या जुलै महिन्यातच दिसले होते. विकसनशील देशांवर तसेच बंधन नसेल तर असा कोणताही करार अमेरिकेने स्वीकारू नये, असा ठराव सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी केला होता. त्याच वर्षी डिसेंबरात झालेल्या क्योटो करारात श्रीमंत देशांसाठी स्पष्ट 'शॅल' होते. अमेरिकेने १९९८ साली त्यावर सही केली, पण तो कधी सिनेटपुढे ठेवलाच नाही, आणि २००१ साली त्याकडे उघडपणे पाठ फिरवली. कॅनडाने तो स्वीकारला होता. लक्ष्य गाठता येत नाही हे दिसताच २०११ साली त्याने बाहेर पडण्याची घोषणा केली. तेव्हा केवळ 'शॅल' लिहिल्याने बलवान बांधला जातो, असा भ्रम कोणी बाळगू नये.

तरीही प्रश्न उरतोच. एका देशाच्या अंतर्गत सोयीसाठी एकशे पंच्याण्णव देशांच्या करारातील क्रियापद बदलले गेले. त्यानंतर त्या परिच्छेदाची दोन्ही वाक्ये सारखीच झाली: विकसित देशांनीही 'शुड' आणि विकसनशील देशांनीही 'शुड'. माणशी कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात अमेरिकी नागरिक भारतीयाच्या सहा-सात पट पुढे आहे. परंतु त्या परिच्छेदाच्या व्याकरणात दोघे एका पंगतीला बसले. आणि इतके करूनही अमेरिका करारात टिकली काय? २०२० च्या नोव्हेंबरात ती बाहेर पडली, २०२१ च्या फेब्रुवारीत परत आली आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ज्याच्यासाठी दाराची चौकट कापून रुंद केली, तो पाहुणा घरात स्थिर बसलाच नाही.

पॅरिस करार बारकाईने वाचणाऱ्यास क्रियापदांचा हा खेळ पानोपानी दिसतो. प्रत्येक देशाने आपले राष्ट्रीय लक्ष्य तयार करणे, कळवणे आणि दर पाच वर्षांनी नवे देणे येथे 'शॅल' आहे. पण ते लक्ष्य गाठणे? तेथे केवळ 'गाठण्याचा मानस आहे' अशा अर्थाची शब्दयोजना आहे. अर्थात वही लिहिणे सक्तीचे, गणित सोडवणे ऐच्छिक. नवव्या अनुच्छेदात श्रीमंत देशांनी गरीब देशांना अर्थसाहाय्य देण्याच्या कलमात 'शॅल' आहे, पण किती, हा आकडा तेथे नाही. पुढे जगभरातून निधी उभा करण्यात पुढाकार घेण्याची गोष्ट येते आणि क्रियापद हळूच 'शुड' होते. २००९ साली कोपनहेगन येथे २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करण्याचे आश्वासन दिले गेले होते. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबानुसार तो आकडा प्रथम २०२२ साली गाठला गेला. बाकू येथील २०२४ च्या परिषदेत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे लक्ष्य ठरले. तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत आक्षेप नोंदवला, तोही हातोडा पडल्यानंतर. शब्द सैल असला की पैसाही सैल होतो, हा जुना अनुभव आहे.

आता ग्लासगोकडे पाहावे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी तेथील परिषदेच्या अखेरच्या घटकेला भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी कोळशासंबंधीच्या वाक्यात बदल सुचवला. 'फेज आउट' या शब्दांऐवजी 'फेज डाउन'. पहिल्याचा अर्थ टप्प्याटप्प्याने बंद करणे, दुसऱ्याचा टप्प्याटप्प्याने कमी करणे. येथेही एकच छोटा शब्द बदलला. पण या वेळी त्यास तांत्रिक दुरुस्ती म्हणण्याचे औदार्य कोणी दाखवले नाही. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा कंठ दाटून आला, त्यांनी झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त केला, आणि पाश्चात्त्य वृत्तपत्रांत भारत हा करार पातळ करणारा देश ठरला. वस्तुतः 'फेज डाउन' हे शब्द भारताने शोधलेले नव्हते. तीनच दिवसांपूर्वी अमेरिका आणि चीन यांनी केलेल्या संयुक्त निवेदनात चीनच्या कोळशाविषयी तेच शब्द होते. शिवाय त्या वाक्यात एकट्या कोळशाचे नाव होते. तेल आणि वायू जाळणाऱ्यांना त्याची झळ नव्हती.

भारताने तेथे केले ते योग्यच केले, असे आमचे मत आहे. ज्या देशाच्या विजेचा बहुतांश भाग अजून कोळशावर निर्माण होतो त्याने पाळता न येणारा शब्द देऊ नये. सही करून विसरण्यापेक्षा सही करण्यापूर्वी भांडावे. पण या दोन प्रसंगांची तुलना आपल्याला अधिक काही शिकवते. बलवानाने शब्द बदलला की ती मुद्रणदोषाची दुरुस्ती होते. इतरांनी बदलला की तो हट्ट ठरतो. या अन्यायावर केवळ चडफडून उपयोग नाही. पॅरिसला अमेरिकेचे तज्ज्ञ अखेरच्या क्षणी प्रत्येक क्रियापद तपासत होते, म्हणून त्यांना 'शॅल' दिसले. तीच दक्षता भारताने ग्लासगो येथे दाखवली, म्हणून 'आउट'चे 'डाउन' झाले. जो वाचतो तो वाचतो, ही मराठीतील कोटी येथे शब्दशः खरी आहे.

शब्दाची ही बेसावधी रणांगणापर्यंत नेते, याचा दाखला आफ्रिकेच्या इतिहासात आहे. २ मे १८८९ रोजी इथिओपियाचा राजा दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात वुचाले येथे तह झाला. त्याच्या सतराव्या कलमाच्या दोन भाषांतील प्रती जुळत नव्हत्या. अम्हारिक प्रतीत अन्य राष्ट्रांशी व्यवहार करताना इथिओपियास इटलीचे साहाय्य घेता येईल, असा अर्थ होता. इटालियन प्रतीत ते घेण्याचे बंधन होते. त्या आधारे इटलीने इथिओपिया आपला रक्षित देश असल्याचे युरोपला कळवून टाकले. 'शकेल' आणि 'लागेल' एवढाच हा भेद, पण त्यात एक प्राचीन राज्य गिळले जाणार होते. मेनेलिकने डाव ओळखला, १८९३ साली तह झुगारला आणि १ मार्च १८९६ रोजी अडोवाच्या रणभूमीवर इटलीचा निर्णायक पराभव केला. एका क्रियापदाचा अर्थ हजारो सैनिकांच्या रक्ताने ठरवावा लागला.

दूरच्या उदाहरणांवर थांबण्याचेही कारण नाही. आपल्या राज्यघटनेत याहून बोलका नमुना आहे. मूळ पंचेचाळिसाव्या अनुच्छेदानुसार राज्याने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याची बाब होती. वाक्यात 'शॅल' होते, परंतु त्याला लागून 'एंडेव्हर' हा शब्द होता. म्हणजे राज्य प्रयत्न करील. शिवाय तो मार्गदर्शक तत्त्वांचा भाग, म्हणून न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही. १९६० साल आले आणि गेले. प्रयत्न चालूच राहिला. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचे उन्नीकृष्णन प्रकरणात म्हटले, आणि २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने २१-अ हा नवा अनुच्छेद आला. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना राज्य शिक्षण देईल, असे निखळ 'शॅल' आले, 'एंडेव्हर' गळाले. १ एप्रिल २०१० पासून तो अनुच्छेद व त्याखालील कायदा अमलात आला. एक मवाळ शब्द गळून पडायला या देशाला साठ वर्षे लागली आणि तेवढ्या काळात मुलांच्या दोन-तीन पिढ्या शाळेच्या दाराबाहेर वाढल्या. समान नागरी कायद्याविषयीच्या चव्वेचाळिसाव्या अनुच्छेदातही 'शॅल'च्या पाठीशी तोच 'एंडेव्हर' उभा आहे, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

न्यायालयेही हा शब्द डोळे झाकून वाचत नाहीत. शासकीय सेवकांच्या बाबतीत लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याविषयीच्या तीनशे विसाव्या अनुच्छेदात 'शॅल' असूनही, तो सल्ला न घेतल्याने कारवाई रद्द होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली दिला. उलट काही प्रसंगी 'मे' या ऐच्छिक शब्दाचा अर्थ न्यायालये बंधनकारक असा लावतात. या संदिग्धतेला कंटाळून अमेरिकेने २००७ साली आपल्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतून 'शॅल' जवळजवळ हद्दपार केले आणि बंधनासाठी 'मस्ट' हा रोखठोक शब्द वापरला. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांनाही जो शब्द इतका सतावतो, तो आपण नजरेआड करावा, हे शहाणपणाचे नव्हे.

आपल्या घरात हे कसे उतरते? मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात एकदा घर घेते. पन्नास-साठ पानांचा इंग्रजी करारनामा समोर येतो आणि जेथे खूण केली असेल तेथे सह्या होतात. त्या पानांत खरेदीदाराने हप्ते कधी भरावेत येथे हमखास 'शॅल' असते. आणि सोयीसुविधा, वाहनतळ, उद्यान यांच्या वाक्यांत 'मे', 'एंडेव्हर', 'प्रस्तावित' असे गुळगुळीत शब्द डोकावतात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाच्या बाजूने काही ठाम 'शॅल' निर्माण केले आहेत. करारनामा नोंदवल्याशिवाय विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ठरल्या मुदतीत ताबा मिळाला नाही तर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर हवेच असेल तर विलंबाच्या काळाचे व्याज घेता येते. परंतु 'ठरली मुदत' म्हणजे करारनाम्यात लिहिलेली मुदत. ते वाक्य ज्याने वाचलेच नाही, त्याला कायदा तरी किती पुरणार? विम्याचा कागद, कर्जाचा कागद, नोकरीचे नियुक्तिपत्र, सर्वत्र हीच परीक्षा आहे. एका रंगाने 'शॅल'खाली आणि दुसऱ्या रंगाने 'मे' व 'शुड'खाली रेघा माराव्यात. कोणाच्या नावापुढे कोणता रंग अधिक आहे हे पाहिले, की करार कोणाच्या बाजूने झुकला आहे हे वकिलाकडे जाण्यापूर्वीच कळते.

मराठीपुढेही येथे एक काम आहे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांचे 'करावे' ही आज्ञा असते. शासकीय परिपत्रकातील 'करावे' हाही हुकूमच असतो. त्यामुळे 'शुड'चे भाषांतर सर्रास 'करावे' असे झाले की सल्ल्याला आज्ञेचे वजन येते, आणि 'शॅल'चे भाषांतर नुसते 'करील' असे झाले की बंधनाला भविष्यकथनाचे रूप येते. 'करणे बंधनकारक राहील', 'करणे इष्ट राहील', 'करू शकेल' असे तीन स्वतंत्र प्रयोग मराठीत सहज उपलब्ध आहेत. ते ठरवून, एकाच अर्थाने वापरले तर मराठी कागद इंग्रजीहूनही स्वच्छ बोलेल. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करून घेतला, त्यामागे हीच दृष्टी होती: राज्य ज्यांच्यासाठी चालवायचे, त्यांना त्याचे शब्द कळले पाहिजेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद सभा-संमेलनांत व्यक्त झालाच. पण सामान्य माणसाच्या सहीचा कागद त्याला समजेल अशा मराठीत येईल, तेव्हा तो दर्जा घरोघर पोचेल. तशी मागणी ग्राहकांनी, गृहनिर्माण संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. वस्तीत इंग्रजी जाणणारा एक तरुण आठवड्यातून एक संध्याकाळ शेजाऱ्यांचे कागद वाचून देऊ लागला, तरी कित्येक कुटुंबांचे आयुष्यभराचे नुकसान टळेल. त्यासाठी अनुदान लागत नाही आणि परवानगीही लागत नाही.

शब्द देणे आणि शब्द पाळणे यांस आपल्या परंपरेने फार वरचे स्थान दिले आहे. परंतु पाळण्यासाठी आधी तो शब्द नेमका कोणता होता, हे ठाऊक असावे लागते, आणि समोरच्याने काय देऊ केले हेही. राष्ट्राच्या पातळीवर हे काम मुत्सद्द्यांनी करावयाचे, घराच्या पातळीवर आपण. कागदावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक क्रियापद वाचले पाहिजे. आणि हे वाक्य वाचकांनी 'शॅल' या अर्थाने घ्यावे, 'शुड' या अर्थाने नव्हे.